घेण्यास नकार

दोराला पीळ बसत आला की दोरवाल्यांच्या घरातल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही. नवरा दोर ताणायच्या जमिनीच्या पट्ट्याच्या त्या टोकाला चाकाशी होता, इतका लांब की त्याचा सदरा तेवढा पांढऱ्या ठिपक्यासारखा हलत होता. मधे सासू. तीन खाचांचा लाकडी ठोकळा दोन्ही हातांनी धरून तीन पेडांमधून ती एकेक पाऊल सरकत होती, आणि तिच्या मागे तिन्ही पेड एकमेकांना मिठी मारून दोर होत चालले होते. या टोकाला सून. तिच्या मुठीत लोखंडी आकडा, आकड्यात तिन्ही पेडांची तोंडं. पीळ चढेल तसा दोर आखडतो आणि आकड्यावरच्या माणसाला पुढे खेचत नेतो. किती जाऊ द्यायचं आणि किती रोखायचं ते डोक्याला नाही, टाचांना कळावं लागतं.

ऊन नुकतं तापायला लागलं होतं. पावसाच्या आत होडीवाल्यांचे जाड दोर द्यायचे होते. हवेत ओल आली की घायपाताचा वाख फुगतो, पीळ नीट बसत नाही, आणि मग पुढचा उन्हाळा येईपर्यंत बारीकसारीक दोऱ्या वळत बसावं लागतं. म्हणून तान्ह्या चिमणीला झोळीत टाकून सूनही आकड्यावर उभी राहिली होती. चिमणी अजून बसायलाही शिकली नव्हती.

मोटरसायकल बांधाला थांबली. हेल्मेट न काढताच एक किडकिडीत माणूस चालत आला. खांद्याला पिशवी, पिशवीतून कागद. त्यानं तिच्या नवऱ्याचं आणि सासूचं नाव वाचून विचारलं, "इथंच राहतात?"

"हो."

"तुम्ही कोण?"

"सून."

"मी कोर्टाचा बेलीफ. समन्स आहे. घ्या आणि सही करा."

"थांबा जरा."

"सहीला असा काय वेळ लागतो, बाई?"

"हात कुठं मोकळे आहेत?"

त्यानं कागद तिच्या नाकासमोर धरला, जणू ती तोंडात धरणार होती. तेवढ्यात झोळीत चिमणी जागी झाली आणि रडायला लागली. सुनेची छाती भरून आली, पोलक्यावर ओल पसरली, डोळ्यांत घाम उतरला. दोरानं तिला दोन बोटं पुढे ओढलं.

"घेताय ना?"

"आत्ता नाही. नंतर या."

"नंतर म्हणजे?"

"दोर उतरल्यावर."

बेलीफानं मान वळवून पट्ट्याच्या त्या टोकाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. मोटरसायकलच्या टाकीवर कागद ठेवून त्यानं काहीतरी लिहिलं, समन्स पुन्हा पिशवीत घातलं आणि निघून गेला.

जेवताना तिनं सांगितलं, "कोर्टातलं कुणीतरी आलं होतं. कागद द्यायला. नंतर या म्हटलं."

"येईल की," नवरा म्हणाला.

सासूनंही विचारलं नाही कसला कागद. त्या घराची रीतच तशी होती. दोर चढलेला असताना आलेला माणूस बांधावर बसून राहायचा, मग तो गिऱ्हाईक असो, पाहुणा असो. सासरे जिवंत असताना त्यांच्या सख्ख्या भावाच्या मरणाचा निरोप घेऊन आलेला माणूसही दोर उतरेपर्यंत बसला होता. उतरल्यावरच त्यानं तोंड उघडलं, आणि त्यात कुणाला वावगं वाटलं नव्हतं. ज्याचं काम असेल तो थांबेल, नाहीतर परत येईल. कोर्ट थांबत नाही, हे त्या घराला ठाऊक व्हायला कारणच पडलं नव्हतं.

बेलीफ परत आला नाही. आला तो शेजारचा प्लॉटवाला.

पट्ट्याला लागून असलेली जमीन त्यानं आदल्या वर्षी पलीकडच्या, वारलेल्या म्हातारीच्या मुलांकडून विकत घेतली होती. तिथं घरं बांधायची होती आणि घरांना या पट्ट्यावरून रस्ता हवा होता. माणूस बोलायला मऊ. त्या सकाळी तो चपला बांधावर काढून आला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद.

"वहिनी, माझ्यावर राग धरू नका. कोर्टाचा हुकूम आहे. या पट्ट्यावर आता दोर ताणायचा नाही, दोर टेकवायच्या लाकडी घोड्या ठेवायच्या नाहीत. निकाल लागेपर्यंत."

"आम्हाला न विचारता हुकूम?" नवरा चाकाचा दांडा तसाच धरून म्हणाला.

"विचारलं होतं, दादा. तुमच्या घरून नकार गेला." त्यानं कागदावर बोट ठेवलं. "हे बघा. 'घेण्यास नकार.' घरातील सून, असंही लिहिलंय."

नवऱ्यानं वाचलं. सासूला वाचता येत नव्हतं, पण तिनं वाचणाऱ्याचं तोंड पाहिलं आणि मग सुनेकडे पाहिलं. प्लॉटवाल्याच्या माणसांनी घोड्या उचलून कडेला नीट रचून ठेवल्या. मोडतोड केली असती तर भांडता तरी आलं असतं.

*

दोराला वळण चालत नाही. नवऱ्यानं अंगणात चाक रोवलं, घराच्या मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत पेड ताणून पाहिले, मधली खोली रिकामी केली, चूल झाकली. जे निघालं ते तुकडे होते. त्यानं तुकडे एकमेकांत गुंफून सांधले, सांध्यावर मेण चोळलं, आणि होडीवाल्याकडे घेऊन गेला. होडीवाल्यानं सांध्यावर अंगठा फिरवला, दोर परत दिला आणि म्हणाला, "हा बैलाला बांध."

तेव्हापासून नवरा घरात बोलेनासा झाला. सासू बोलायची, पण सुनेशी नाही. भांड्यांशी बोलायची.

"एक कागद घ्यायचा होता. डोंगर उचलायचा नव्हता."

"आई, तुमचे हात मधे होते."

"माझे हात मला ठाऊक आहेत," सासू पातेल्याला म्हणाली.

मग सासूचा भाऊ आला. त्याला सगळे तारीखमामा म्हणत. शेजाऱ्याशी एका भिंतीवरून त्याचा दावा चालू होता. भिंत कधीच पडून गेली होती, दावा मात्र धडधाकट होता. कोर्टातला कुठला बाक सावलीत येतो, कुठल्या शिपायाला नमस्कार केला की बोर्डावरचा आपला नंबर सांगतो, हे त्याला तोंडपाठ.

"अक्का, घाबरू नकोस. हे खालचं कोर्ट. इथं हरलं की जिल्ह्याचं, तिथं हरलं की हायकोर्ट, त्याच्यावर सुप्रीम. बरंच वर जाता येतं."

"मग सरळ वरच जाऊ," नवरा म्हणाला.

"असं नसतं रे बाबा. खालची पायरी चढल्याशिवाय वरची दिसतसुद्धा नाही."

बायकांना कोर्टाकडून फुकट वकील मिळतो हेही त्यानंच सांगितलं. त्यासाठीचा अर्ज सासूच्या अंगठ्यानं केला आणि एक वकीलबाई मिळाली. बारीक अंगाची, काळ्या कोटाची बाही कोपरावर विरलेली, बोलताना घड्याळाकडे पाहणारी. झाडाखालच्या टेबलाशी तिनं सगळ्यांना उभं करून घेतलं.

"एकतर्फी हुकूम म्हणजे तुम्ही हरलात असं नाही. तुमचं ऐकलंच नाही, असं. आधी तो रद्द करून घ्यायचा, म्हणजे दार उघडतं. मग मनाईवर भांडायचं. मग मूळ दावा, त्यात वहिवाट कुणाची, किती वर्षांची, कुठल्या हक्कानं, ते साक्षीपुराव्यानं. कळलं?"

"कळलं," तारीखमामा म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं, मामा. ताई, तुम्हाला. आणि हे सगळं सुट्टीच्या आत व्हायला हवं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की कोर्ट बंद, मग तुमचा हंगाम गेलाच समजा. आता सांगा, त्या दिवशी बेलीफ आला होता की नाही?"

सून तोंड उघडणार तोच मामा म्हणाला, "आलाच नाही. हे बेलीफ घरी बसून कागद भरतात."

वकीलबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा जमिनीकडे बघत म्हणाला, "नाहीच आला."

चिमणी पदराशी झोंबत होती. सुनेनं तिला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, आणि त्या घेण्यात बोलायची वेळ टळून गेली.

*

शपथपत्र टाईप होऊन आलं तेव्हा सकाळ निम्मी सरली होती. शपथ घ्यायला आतल्या खोलीपुढे रांग होती. सून सही करून कागद घेऊन व्हरांड्यात आली आणि बसायला जागा शोधू लागली. बाकावर एक माणूस मांडीवर हेल्मेट ठेवून डबा खात होता. तिला बघून तो सरकला, हेल्मेट खाली ठेवलं, बाकाचा कोपरा रुमालानं पुसला.

"बसा. बाळाला घेऊन उभं राहू नका."

ती बसली. मग त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं.

"काय बाई, उतरला का त्या दिवशी दोर?"

हेल्मेटावरून आणि आवाजावरून तिला ओळख पटली. तिनं नुसती मान हलवली.

"मला वाटलं, एवढा लांब दोर संध्याकाळपर्यंत काय उतरत नाही." तो पुन्हा जेवू लागला. "इथं कशाला? तारीख?"

"अर्ज द्यायचाय."

तो समजला. घास हातातच राहिला. रागावला नाही, उलट हसला, पण त्या हसण्यात काही गोड नव्हतं.

"म्हणजे बेलीफ आलाच नाही, असा. सगळेच लिहितात. मागच्या खेपेला एकानं लिहिलं, माझी चौकशी लागली. मुलीचं लग्न ठरत होतं त्यात. लिहा, तुमचंही बरोबरच असेल काहीतरी. सवय झाली आता." त्यानं डबा बंद केला आणि उठून गेला. निम्मं जेवण डब्यातच राहिलं होतं.

आतून पुकारा झाला. टेबलामागच्या अधिकाऱ्यानं चष्म्यावरून बघत ठरलेलं विचारलं, "वाचलंय? यातला मजकूर खरा आहे, असं शपथेवर सांगताय?" शिक्का त्याच्या हातात तयारच होता.

तिनं कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला. 'सदर बेलीफ आमचे घरी कधीही आलेला नाही.' तिची सही खाली होती, अजून ओली वाटावी अशी निळी.

"बाई, रांग आहे मागे."

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"खरं नाही. आला होता तो."

अधिकाऱ्यानं शिक्का खाली ठेवला. त्याला हे नवीन होतं की नुसता त्रास होता, ते त्याच्या तोंडावरून कळेना. "मग वकिलांना घेऊन या. पुढचे कोण?"

झाडाखाली परत येईपर्यंत मामाला बातमी लागली होती. कोर्टात बातमी माणसाच्या आधी चालते.

"अगं, काय केलंस? आला होता म्हणालीस की 'नकार' पक्का झाला. स्वतःच्या तोंडानं."

"मामा, तो तिथं बाकावर बसला होता."

"बसू दे ना. त्याला सरकार पगार देतं बसायचा."

सासू म्हणाली, शांतपणे, आणि म्हणून जास्त लागेल असं, "खरेपणाचं कौतुक तुझ्या माहेरी मिरव. माझ्या पट्ट्यावर नको."

वकीलबाई तेवढ्यात दुसरी तारीख आटोपून आली. तिनं ऐकलं आणि आधी भडकली. "माझ्यासमोर सगळे उभे होतात, सगळ्यांना जीभ होती. हे मी कोर्टात दाखल केलं असतं तर?" मग तिनं खुर्ची ओढली. "बसा. काय झालं ते सगळं सांगा. मामा, तुम्ही चहा पिऊन या."

सुनेनं सांगितलं. आकडा, टाचा, चिमणीचं रडणं, 'नंतर या'. वकीलबाई मधेच थांबवून विचारत राहिली.

"मग त्यानं काय केलं? प्रत तुमच्या दाराला चिकटवली?"

"नाही. पिशवीत घातली."

"घराकडे गेलाच नाही?"

"नाही. बांधावरूनच वळला."

वकीलबाईनं पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "घेतलं नाही तर दाराला लावायचं असतं. तसा नियम आहे. तो आलाच नाही म्हटल्यावर हे मला विचारताच आलं नसतं." मग लगेच, "पण याच्यावर जास्त हुरळू नका. त्यानं 'नकार दिला, प्रत लावली' असं साक्षीत सांगितलं, तर तुमचा शब्द आणि त्याचा शब्द. सरकारी माणसाचा शब्द जड असतो."

नवीन शपथपत्र झालं. त्याच्यावर शिक्का बसला. मग तारीख पडली, ती पुढे गेली. न्यायाधीश रजेवर. पुन्हा पडली, तर समोरच्या वकिलानं मुदत मागितली. प्रत्येक वेळी पहाटेची एसटी, प्रत्येक वेळी दुपटी, पाण्याची बाटली, घरात न बोलणारी दोन माणसं. वाखाच्या गाठोड्यांवर धूळ बसत गेली. आभाळात पहिले ढग येऊन तसेच निघून गेले आणि नवरा त्यांच्याकडे सावकार आल्यासारखा बघत राहिला.

सुट्टी लागायच्या आधीच्या आठवड्यात बोर्डावर त्यांचा नंबर लागला.

*

खोली तिच्या कल्पनेपेक्षा लहान होती. पंखा, कपाटांवर कापडात बांधलेली बासनं, उंचावर न्यायाधीश, खाली टाईप करणारी मुलगी. शिपायानं नाव पुकारलं. चिमणीला सासूकडे देऊन ती लाकडी कठड्यात उभी राहिली. कठडा तिच्या छातीपर्यंत येत होता. मागच्या बाकावर मामा, नवरा, सासू. दुसऱ्या बाजूला प्लॉटवाला, हात जोडून बसल्यासारखा. दाराशी बेलीफ, हेल्मेट काखेत.

समोरचा वकील गोरा, गुळगुळीत दाढीचा. त्यानं आवाज चढवला नाही.

"बेलीफ तुमच्या जागेवर आला होता?"

"हो."

"त्यानं कोर्टाचं समन्स आहे असं सांगितलं?"

"हो."

"कागद तुमच्यापुढे धरला?"

"हो."

"तुम्ही घेतला?"

"नाही घेतला."

"मला एवढंच विचारायचं होतं, साहेब." तो खाली बसला. मागे मामाच्या तोंडून निघालेला 'च्' तिला स्पष्ट ऐकू आला.

मागे चिमणी कुरकुरायला लागली आणि सुनेच्या छातीत पान्हा दाटला. तिनं दोन्ही हात घट्ट दाबून धरले. कठड्यावरून ओल दिसू नये एवढंच त्या क्षणी मनात होतं.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "का नाही घेतलात?"

"हातात दोर होता, साहेब."

"खाली ठेवता आला नसता?"

"पीळ चढलेला होता. सोडला की तो उलटा फिरतो. मधे सासूबाईंचे हात होते."

न्यायाधीशांनी टाईप करणाऱ्या मुलीकडे बघून तिचं वाक्य पुन्हा सांगितलं, "हातात दोर असल्याने, व तो सोडल्यास सासूच्या हातास इजा होण्याची शक्यता असल्याने." यंत्राची टकटक झाली. मागे सासू चिमणीला थोपटायची थांबली. आपलं बोलणं असं कोरडं होऊन कागदावर उतरलेलं सुनेला ओळखू येईना.

मग बेलीफाला उभं केलं. त्याचा अहवाल त्याला दाखवला.

"हे तुमचं अक्षर?" वकीलबाईनं विचारलं.

"हो."

"'घेण्यास नकार.' या बाई नेमकं काय म्हणाल्या?"

समोरच्या वकिलानं कागद खालीवर केले. बेलीफाची नजर एकदा सुनेवरून गेली.

"शपथेवर आहात," न्यायाधीश म्हणाले.

"'नंतर या' म्हणाल्या, साहेब. दोर उतरल्यावर."

"मग नकार का लिहिलात?"

"छापील नमुन्यात तीनच गोष्टी असतात. मिळालं, घर बंद, नकार. 'नंतर या' लिहायला जागा नाही, साहेब."

टाईप करणारी मुलगी हसू दाबायला खाली वाकली. न्यायाधीश हसले नाहीत.

"प्रत दाराला लावली?"

आता त्याचं हेल्मेट एका काखेतून दुसऱ्या काखेत गेलं. "नाही लावली. पुढची गावं राहिली होती."

"याची चौकशी होईल, कल्पना आहे?"

"आहे साहेब." त्यानं ओठ ओले केले. "या बाईंनी मी आलो होतो असं लिहून दिलंय. मग मीच कशाला खोटं बोलू?"

समोरचा वकील उठून पुष्कळ बोलला. तीनशे ओळींचं इंग्रजी आणि मधे मधे 'कबुली' हा एक शब्द. वकीलबाई थोडंच बोलली. न्यायाधीशांनी तिथंच सांगितलं, मुलगी टाईप करत गेली, आणि सुनेला शब्द कळत होते पण त्यांचा अर्थ लागायला वेळ लागत होता. समन्सची बजावणी पूर्ण झालेली नाही. एकतर्फी हुकूम रद्द. मनाईचा अर्ज दोन्ही बाजू ऐकून सुट्टीनंतर ठरेल. तोपर्यंत जागा दाव्याच्या आधी जशी वापरात होती, तशीच राहील. नवीन बांधकाम कुणीही करायचं नाही.

व्हरांड्यात नवऱ्यानं वकीलबाईला गाठलं. "जिंकलो का आपण?"

"नाही."

"पण दोर ताणता येईल?"

"येईल. सुट्टी संपेपर्यंत."

"मग काय झालं नेमकं?"

"आता दावा सुरू झाला, दादा. आत्तापर्यंत तुम्ही त्यात नव्हताच." ती पुढच्या पुकाऱ्याला पळाली, आणि दारातून वळून म्हणाली, "आजींना तयार करा. वहिवाटीच्या साक्षीदार त्याच. जुनं सगळं त्यांनाच ठाऊक."

बेलीफ जिना उतरत होता. सून काही बोलायला पुढे झाली, पण त्यानं हातानं राहू द्या अशी खूण केली आणि हेल्मेट डोक्यावर चढवलं.

*

एसटीत नवऱ्याला पुढे जागा मिळाली, मामाशेजारी. मामा त्याला 'मी पहिल्यापासून हेच सुचवत होतो' असं सांगत होता आणि नवरा, किती दिवसांनी, कुठल्या दोराला किती पेड घ्यायचे ते मोजून दाखवत होता. सून आणि सासू मागे. चिमणी पदराखाली चोखता चोखता झोपून गेली होती.

बराच वेळ सासू खिडकीबाहेर पाहत होती.

"मलाही तिथं उभं राहावं लागणार?"

"हो, आई."

"आणि तो गोरा विचारणार."

"विचारणार."

सासूनं पुढे बघितलं, मुलाचं लक्ष नाही याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "पट्ट्याचं पलीकडचं टोक. चाक रोवतो तिथपासून मधल्या दगडापर्यंत. ते आपलं नाही."

सुनेला वाटलं, एसटीच्या खडखडाटात आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. तिनं सासूकडे पाहिलं आणि बरोबर ऐकल्याचं कळलं.

"होडीवाल्यांची पहिली मागणी आली तेव्हा पट्टा अपुरा पडायला लागला. हे खट्टू होऊन बसले. मी गेले म्हातारीकडे. पलीकडची म्हातारी, आता जिच्या मुलांनी विकली ना, ती. आम्ही दोघी एकाच वर्षी नांदायला आलेल्या. तिला म्हटलं, तुझ्या कडेनं जरा चाक रोवू का? ती म्हणाली, रोव की, मी काय तिथं नाचायला जाते? बस. एवढंच. कागद नाही, पत्र नाही. ती गेली. हे गेले. आता मला एकटीलाच माहीत आहे."

"यांनाही नाही?"

"तो झोळीत होता तेव्हा."

एसटी वळणावर हेलकावली. सुनेनं चिमणीचं डोकं कोपरानं सावरलं. प्लॉटवाल्याचा मऊ आवाज तिच्या कानात आला, 'राग धरू नका, वहिनी.'

"वकीलबाईंना सांगावं लागेल," ती म्हणाली. "कोर्टाच्या आधी त्यांना."

"जागा जाईल."

"सगळी नाही जाणार."

"दगडापर्यंतच्या पट्ट्यात होडीचा दोर होत नाही. तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. टाचांना ठाऊक होतं. पुढच्या बाकावर नवरा हसला, काय बोलून हसला ते ऐकू आलं नाही.

"मी भांड्यांआडून तुला बोलले," सासू म्हणाली. "त्या दिवशीही बोलले. माहेरावरून."

"असू दे, आई."

"असू दे नाही. तू तिथं माझ्या हातांचं बोललीस तेव्हा मला वाटलं, सोपं आहे. झालं ते सांगायचं. सोपं नाही ते." तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला, पाठ ताठ केली आणि चिमणीला सुनेच्या मांडीवरून हळूच आपल्या मांडीवर ओढून घेतलं. "विचार मला."

"काय?"

"त्या गोऱ्यासारखं विचार. गोड नको बोलू. मी काय बोलते ते मला आधी ऐकायचंय."

सुनेनं आजूबाजूला पाहिलं. कंडक्टर पैसे मोजत होता, बाकीचे पेंगत होते. तिनं घसा साफ केला. सासूशी अशा आवाजात ती कधी बोलली नव्हती, आणि तो आवाज तिला सापडायला थोडा वेळ लागला.

"पट्टा कुणाचा?" तिनं विचारलं.

सासूनं चिमणीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मधल्या दगडापर्यंत आमचा, साहेब."